मायनं ऐकलं होतं, बाई

बाई, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले, आणि मला बसल्याजागी राग येत गेला. एक म्हणाले, शांत स्वभावाच्या होत्या. दुसरे म्हणाले, कधी कोणाशी वाद घातला नाही. तुमच्या सौसरच्या शाळेतली एक शिक्षिका तर रडलीच. म्हणाली, बाईंचा आवाज कधी चढला नाही. मी मनात म्हटलं, पोरी, तू यांची भावजय झाली नाहीस. मग राहुलनं खूण केली, आई, तू पण दोन शब्द बोल. मी उठले, माईक धरला, "बाई माझ्या नणंद होत्या" एवढं म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं गहिवरून आलं. कशाचा गहिवर! पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं ते असं, की एका बाबतीत त्या शेवटपर्यंत चुकीचंच बोलत राहिल्या. पांढरी साडी नेसून, तुमच्या फोटोसमोर, भन्तेजींच्या देखत ते म्हणता येईना.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहाचं आधण ठेवते आणि गच्चीवर जाते. गच्चीवर गेले की वाटतं, खालून कोणी हाक मारली. तुमच्या खोलीत जाते, उशीची खोळ सारखी करते, पलंगाखालच्या तुमच्या चपला बाहेर काढते, परत आत सारते. सून म्हणते, आई, जरा पडा. पडते. पडलं की तुमचं-माझं भांडण सुरू होतं, आणि आता त्यात तुमची बाजूही मलाच मांडावी लागते. चांगली मांडते मी. कधीकधी तुम्ही जिंकता.

मी तुमच्या धाकट्या भावाची बायको होऊन पांढुर्ण्याला आले, तेव्हा स्वतःबद्दल माझा फार मोठा गैरसमज होता. मी कामठीची, म्हणजे जवळजवळ नागपूरची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, गालाला पावडर लावणारी. हे गाव आपल्याला बघून दिपून जाईल असं मला वाटलं होतं. गाव कापसाच्या गाड्या मोजण्यात गुंतलेलं होतं, त्यानं मान वर केली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे मी गच्चीवर गेले तर तुम्ही उकिडव्या बसलेल्या, समोर स्टुलावर ट्रान्झिस्टर, त्याला कान लावलेला, आणि दोन्ही हातांनी तो डबा पोळपाटावरची भाकर फिरवावी तसा हळूहळू फिरवत होत्या. वर त्याला रागावत होत्या, "सरक ना तिकडे, येऊ दे तिले." मी खाली येऊन तुमच्या भावाला सांगितलं, तुमच्या बहिणीला काहीतरी लागलं आहे. ते म्हणाले, स्टेशन लावून राहिली असन, आणि कुशीवर वळले.

घरात तुम्हाला सगळे बाईच म्हणत, शाळेतल्यासारखं. मायसुद्धा, म्हणजे तुमची आई आणि माझी सासू, चारचौघांत तुम्हाला बाई म्हणे आणि चिडली की इमल. तुम्ही विज्ञान शिकवायच्या, आधी रामाकोन्याला, मग सौसरला. लग्न केलं नाही. शनिवारी बसनं पांढुर्ण्याला यायच्या आणि रविवारची पहाट गच्चीवर घालवायच्या. बाकीचं गाव नागपूर केंद्रावर बाजारभाव ऐके. तुम्हाला मात्र दोन मोठ्या स्टेशनांच्या मधल्या बोळात जे कोणी चेंगरून उभं असेल ते हवं असे. डब्याची कूस बदलली की एक स्टेशन दबतं आणि दुसरं वर येतं, हे मला तुम्हीच दाखवलं. खाली येऊन तुम्ही पाहुण्यांची खबर द्यावी तशी सांगायच्या, आज ढाका आला होता, आवाज बसला होता बिचाऱ्याचा. कापसाच्या दिवसांत जिनिंग सुरू झालं की रेडिओत नुसते किडे वळवळत, आणि तुम्ही दिवसभर जिनिंगवाल्यांचा उद्धार करायच्या.

मला काय हवं होतं? गाणी. लंकेच्या स्टेशनवर हिंदी गाणी लागत, ती मी पोळ्या लाटताना ऐके, आणि आपलं नाक जरा सरळ असतं तर आपण तिकडं मुंबईला असतो असा विचार करे. तुम्ही आल्या की भर गाण्यात सुई पुढे सरकवायच्या. गोटमारीला पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात, तसं आपलं त्या एका सुईवरून चाले. फरक एवढाच की गोटमार वर्षातून एकदा असते.

मग रामाकोन्याची ती पहाट झाली. तुमची बदली व्हायच्या आधीचा हिवाळा. आसपासच्या सगळ्या गावांची बिजली गेली होती, म्हणून एक मोटर नाही, एक दिवा नाही, आणि रेडिओ इतका स्वच्छ की तुम्हाला स्वतःचा श्वास मोठा वाटला. सुई फिरवता फिरवता तुम्हाला पठण ऐकू आलं. पालीतलं. आधी एक भिक्खू आणि मागून पुष्कळ आवाज. आपण विहारात म्हणतो तेच त्रिसरण, फक्त चाल वेगळी, लांब लांब ओढलेली. मग कळेना अशा भाषेत निवेदन झालं, त्यात कोलंबो एवढा शब्द कळला. ते लंकेचं घरचं स्टेशन होतं, तिथल्या लोकांसाठी लावलेलं. चुकून तुमच्यापर्यंत पोचलं होतं.

शनिवारची वाट न पाहता तुम्ही शाळा सुटल्यावर पांढुर्ण्याला आल्या आणि मायला सांगितलं. मी भाजी निवडत होते. मला वाटलं कोणी गेलं की काय, असा तुमचा चेहरा होता.

मायचं इथं सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्या नव्या पोरांनी तिला पाहिलेलं नाही. मायनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. शेजारणीकडून पांढरं लुगडं मागून नेसली होती, आणि घरी आल्यावर कोनाड्यातले देव नदीत सोडून आली होती. त्या दिवसापासून ती रोज पहाटे अंगणात उभी राहून त्रिसरण-पंचशील म्हणे, एकटी, खड्या आवाजात, शेजारच्या घरांना ऐकू जावं म्हणूनच. शेजारी कधी हसत, कधी खिडकी लावून घेत. माय थांबली नाही. पण म्हणून झालं की कधीकधी तुळईकडे बघत बसे आणि विचारे, "आपण मूठभरच हावो का वं, इमल?" तुम्ही नकाशा काढून तिला चीन, जपान, ब्रह्मदेश दाखवायच्या. मायला नकाशाचं काय? तिच्यासाठी तो रंगीत कागद.

त्या दिवशी तिनं तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. सरकारी रेडिओवर म्हणतात का. रोज म्हणतात का. तुम्ही हो म्हणाल्या. मग माय म्हणाली, "मंग मले आयकव."

झालं. तिथून आपल्या घराची झोप उडाली. गच्चीवर झालं, जाम नदीच्या काठावर झालं, संत्र्याच्या बगिच्यात झालं. पहाटे पहाटे पुढे तुम्ही डबा घेऊन, मागे घोंगडी पांघरलेली माय, आणि सगळ्यात मागे मी, चहाची किटली घेऊन, कपाळाला आठ्या घालून. रामाकोन्याची ती पहाट पुन्हा आली नाही. कधी पठणाची एक ओळ येई आणि बुडे, की वर दुसरंच कोणी बोलू लागे. माय म्हणे, खरखर हाय नुसती. पुढच्या थंडीत तिला खरखरही कमी ऐकू येऊ लागली. तिचे कान चालले होते. भांडी पडली तरी वळून बघेना. मायचे कान पुरते जायच्या आत तिला ते ऐकवायचं, एवढंच तुमच्या डोक्यात उरलं. शाळेत असतानाही तेच असणार, कारण त्या वर्षी तुम्ही प्रयोगाच्या तासाला पोरांना समुद्र शिकवला. खाऱ्या पाण्यावरून हे स्टेशन घसरत येतं, जमिनीवर दमतं, असं तुम्ही मलाही फळ्यासारखं भिंतीवर काढून दाखवलं. मी विचारलं, मग आता पांढुर्ण्यात समुद्र आणणार का. तुम्ही म्हणाल्या, नाही, मायला समुद्रावर नेणार.

तुमचा भाऊ रेल्वेत, त्यामुळे पास होता, सुट्टी नव्हती. राहुलला बापाजवळ ठेवून आपण तिघींनी जायचं ठरलं, उन्हाळी सुट्टीत, वैशाखी पौर्णिमेला धरून. लंकेच्या सगळ्यात जवळचा किनारा कोणता? रामेश्वर. आणि इथं आपण फसलो. जगात कोणतेही लोक रामेश्वरला गेले असते तर चाललं असतं, आपल्याच लोकांना ते शक्य नव्हतं. कोनाड्यातले देव नदीत सोडून आलेली म्हातारी रामेश्वरला चालली, ही बातमी एका दिवसात स्टेशनपासून बाजारापर्यंत पोचली. समोरच्या शेठाणीला भरून आलं. ती नारळ घेऊन आली, म्हणाली, शेवटी आठवला ना देव, आणि येताना तिथली चिमूटभर वाळू मागितली. संध्याकाळी आपल्या विहाराचे पंच आले. ते चहा न घेता उभेच राहिले. म्हणाले, सांचीले जा ना जी, रामेश्वरले कायले? तुम्ही म्हणाल्या, "आम्ही देवाले नाई, रेडिओले चाललो." यावर ना शेठाणीचा विश्वास बसला ना पंचांचा. दोघांनी एकाच नजरेनं आपल्याकडे पाहिलं. पांढुर्ण्यात एवढी एकी मी नंतर कधी पाहिली नाही.

आणि मी? मी ट्रंकेत काय भरलं होतं, ते आज सांगितलं तर नाती हसतात. गुलाबी नायलॉनची साडी, काळा चष्मा आणि पावडरचा डबा. समुद्राकाठी पदर उडतो आणि बाई मागे वळून बघते, असा एक फोटो मला हवा होता. कॅमेरा आपल्या सात पिढ्यांत कोणाकडे नव्हता, ही अडचण माझ्या लक्षातच आली नाही.

मद्रासपर्यंतची गाडी, मग छोटी गाडी, मग तो समुद्रावरचा पूल. गाडी पाण्यावर आली तशी मी काळा चष्मा लावून डोळे मिटले. मायनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की गाडी पाण्यावर चालून राहिली आणि सुमन, म्हणजे मी, मेली. स्टेशनवर पंडे मागे लागले, स्नान करा, कुळ सांगा. तुम्ही ट्रान्झिस्टर छातीशी धरून त्यांच्यामधून अशा निघाल्या, जशा वर्गातून निघायच्या. धर्मशाळेच्या दारात मात्र माय थबकली. कोणत्या लोकांच्या म्हणून विचारतील, ही जुनी भीती तिच्या पायांत होती. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक आहे, आणि मग त्या दिवशी आपण स्टेशनवरच राहिलो असतो.

दिवस कलल्यावर आपण देवळापासून लांब, मासेमारांच्या नावा होत्या तिकडं गेलो. समुद्र पाहून मी पुढं धावले. पदर उडाला खरा, पण तोंडावर, आणि लाटेनं माझी एक चप्पल नेली. तुम्ही हसल्यासुद्धा नाहीत. नावेच्या सावलीत मायला बसवून सुई लावली. बाई, ते काय लागलं होतं! आपल्या गच्चीवर जे मुंगीएवढं यायचं ते इथं दारात उभं राहून बोलत होतं. लंका, तमिळ, आणखी कोणती कोणती स्टेशनं. ढोल, शहनाई, बायकांचं हसणं. तुम्ही आवाज पूर्ण केला. जाळी विणणारे वळून बघू लागले. तुम्ही रेडिओ मायच्या कानाशी धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मायनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती म्हणाली, "लाव ना वं. बंद काहून ठेवला?"

तुम्ही रेडिओ माझ्या मांडीवर ठेवला आणि किनाऱ्यानं चालत सुटल्या. खूप लांब गेल्या. माझ्या मांडीवर एक अख्खं आवडीचं गाणं वाजून संपलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा. फटफटायच्या आत तुम्ही आम्हाला उठवलं. चेहरा सुजलेला, पण बोलणं शिक्षिकेचं. मोटरीची गुंडाळी भरणाऱ्याकडून आणलेली तांब्याची तार तुम्ही रेडिओला गुंडाळली आणि दुसरं टोक माझ्या हातात देऊन मला घोट्याएवढ्या पाण्यात उभं केलं. म्हणाल्या, हलू नको, तू उभी राहिली की आवाज वाढते. आजही मला शंका आहे की माझी बडबड दूर ठेवायचा तो उपाय होता. गुलाबी नायलॉनची साडी वर खोचून, एका पायात चप्पल घालून, हातात तार धरून मी लंकेकडे तोंड करून उभी. हाच तो माझा समुद्राकाठचा फोटो. बरं झालं, कोणी काढला नाही.

आणि पठण सुरू झालं. मी वळून पाहिलं. मायनं रेडिओ तुमच्या हातातून घेतला. कानाला नाही लावला, कानामागच्या हाडाला दाबून धरला, जसं कलिंगड बघताना धरतात. डोळे मिटले. तुम्ही तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. सूर्य वर येत होता आणि मायच्या तोंडावर ऊन पडत होतं. ती हलत नव्हती. पठण लांबलं. पाण्यात माझे पाय आखडले, वाळू सरकू लागली, पण मी तार सोडली नाही. मग ते आवाज एकदम थांबले, आणि त्या थांबण्यावर, ना आधी ना नंतर, विहारात पठण संपल्यावर म्हणतात तसं माय म्हणाली, "साधु, साधु, साधु."

मला रडू आलं. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुमच्या कपाळावर आठी.

परतीच्या गाडीत तुम्हाला राहवलं नाही. तुम्ही मायच्या कानात तोंड घालून विचारलं, "माय, खरं सांग. आयकू आलं का?" माय खिडकीतून मागे जाणाऱ्या डोंगरांकडे बघत होती. ती म्हणाली, "येवढ्या दूर आणलं तुनं मले. आयकू नाई येईन का वं?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत. मी म्हटलं, झालं ना, हो म्हणाली. तुम्ही म्हणाल्या, "ते उत्तर नाई, सुमन. ते माय हाय." मी म्हटलं, तुमचा प्रश्न तिला ऐकू आला, मग रेडिओ काहून नाही? तुम्ही म्हणाल्या, प्रश्न मी ओरडून विचारला, तो अख्ख्या डब्यानं ऐकला. आधी तुमचं म्हणणं होतं की पठण संपल्यावर तुम्ही हात जोडलेले तिनं पाहिले असतील आणि त्यावरून साधु म्हटलं असेल. तिचे डोळे मिटलेले होते, हे मी सिद्ध केलं. मग तुम्ही बाजू बदलली. म्हणाल्या, डबा थरथरत होता, थरथरायचा थांबला, ते तिच्या हाडाला कळलं आणि तिनं अंदाजानं साधु म्हटलं. मी म्हटलं, कानानं ऐकलं का हाडानं, ऐकलं ते ऐकलं. तुम्ही म्हणाल्या, थांबलं हे कळणं वेगळं आणि काय म्हणून राहिले हे कळणं वेगळं.

पांढुर्ण्यात मायला असला प्रश्न पडला नव्हता. ती पंचांकडे स्वतः गेली आणि सांगून आली की तिकडं अख्खा देश म्हणते, सरकारी रेडिओवर म्हणते, पोरंबाळं म्हणतात. पंचांनी त्या दिवशी चहा घेतला. समोरच्या शेठाणीला मी वाळू दिली. नावांखालचीच होती, मासळीचा वास तिला जात नव्हता. तिनं ती डोळ्यांना लावली आणि म्हणाली, काय पवित्र वास आहे. पहाटे मायचा अंगणातला आवाज आता आधीपेक्षा मोठा झाला होता, आणि तसंच पुरत्या सुखानं म्हणत म्हणत ती पुढच्या पोळ्याच्या आधी गेली. त्यानंतर तुळईकडे बघत बसायचं काम तुमच्याकडे आलं.

पुढं लंकेत माणसं माणसांना मारू लागली. तुम्ही कित्येक दिवस रेडिओ लावला नाही. मी म्हटलं, लावा ना, सकाळचं पठण असेल. तुम्ही म्हणाल्या, पठण तर आजही असेल, तेच तर समजत नाही. मग म्हणाल्या, बरं झालं, हे मायला ऐकू आलं नाही. मी लगेच पकडलं. मी म्हटलं, हे नाही आलं, म्हणजे ते आलं होतं. तुम्ही मला ताटातली पोळी फेकून मारली होती, आठवते? आणि म्हणे बाईंनी कधी वाद घातला नाही.

खरं म्हणजे मला तुमचा वाद कळला होता, बाई. तुम्हाला पुरावा हवा होता तो माझ्याशी जिंकायला नव्हे. आपण आईला काही दिलं, की आईनंच आपल्याला दुखवू नये म्हणून मिळाल्यासारखं केलं, हे तुम्हाला कळत नव्हतं, आणि ते तुम्हाला बसू देत नव्हतं. मी मात्र मजेत होते. मला खात्री होती. खात्री असलेल्या माणसाची झोप चांगली असते.

रेल्वेच्या लाईनीवर बिजलीच्या तारा आल्या, घरोघरी टीव्ही आले, तुमच्या बोळातल्या स्टेशनांनी एकेक करून दारं लावली. तुम्ही निवृत्त होऊन आपल्याकडे राहायला आल्या. राहुलच्या पोरीनं एकदा फोनवर तेच लंकेचं स्टेशन लावून दिलं, काचेसारखं स्वच्छ. तुम्ही ऐकलं आणि फोन परत दिला. म्हणाल्या, हे नळाचं पाणी हाय. तोवर तुमचेही कान चालले होते. मशीन आणलं तर शिट्टी वाजते म्हणून डबीत ठेवून दिलं. पांढुर्णा जिल्हा झालं तेव्हा ढोल वाजत होते आणि तुम्ही मला विचारलं, गाव आज इतकं गप्प काहून आहे.

आणि मग ती शेवटची सकाळ. तुम्ही दोन दिवस डोळे उघडले नव्हते. डॉक्टर बघून म्हणाले, आता कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. राहुल तुमच्या पायाशी बसला होता. सून त्रिसरण म्हणत होती, तिचा आवाज मध्येच फुटत होता. मी तुमच्या उशाशी होते. मला चांगलं काही सुचलं नाही, बाई. लोक अशा वेळी काय काय बोलतात. मी तुमच्या कानामागे तोंड टेकवलं आणि म्हटलं, "बाई, मायनं आयकलं होतं."

तुमची डावी भुवई वर गेली.

मी पाहिलं. ती तीच भुवई होती, पोरानं पाढा चुकवला की जायची ती. वर गेली, क्षणभर थांबली, खाली आली. राहुलनंही पाहिलं. तो म्हणाला, आत्यानं ऐकलं. दारातून डॉक्टर हळूच म्हणाले, अशा अवस्थेत स्नायू आपोआप हलतात, त्याचा अर्थ लावू नये. दुपार व्हायच्या आत तुम्ही गेल्या.

आता सांगा. घरातले सगळे म्हणतात, ऐकलं. सून म्हणते, राहुल म्हणतो, परित्राणाचं पाणी शिंपडायला आलेले भन्तेजीही म्हणाले, शेवटपर्यंत ऐकू येतं. मला ते सगळे बरं वाटावं म्हणून बोलताहेत असं वाटतं. मी त्यांना उलट विचारते: भुवईच काहून, बोट काहून नाही? त्यांनी शब्द ऐकला की माझा श्वास लागला त्यांना? आधीही हलली असेल आणि आपलं लक्ष नसेल, तर? राहुल हात जोडतो. म्हणतो, आई, तू अगदी आत्यासारखी बोलून राहिली.

रोज पहाटे उठते. तुमच्या पलंगाच्या काठावर बसते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते, जरा मोठ्यानं, सून उठेल इतक्या मोठ्यानं. मग उशीकडे बघते. मग काल दुपारी तुम्ही मांडलेला मुद्दा आठवतो, त्याला उत्तर देते. तुम्ही असत्या तर पहिलं हेच म्हणाल्या असत्या, सुमन, पुरावा दे. पुरावा नाही माझ्याजवळ, बाई. तरी बोलून राहिली मी.